बोडीवरचे चोवीस दिवस

सामाजिक अंकेक्षणाचं काम म्हणजे खरं तर मोठ्याने वाचायचं काम. रोजगार हमीचं ऑनलाइन मस्टर, म्हणजे हजेरीपट, छापून घ्यायचं, ज्याच्या नावावर दिवस लागलेत त्याच्या पडवीत जाऊन बसायचं आणि त्याचेच दिवस त्याला वाचून दाखवायचे. पुढचं माणसं सांगतात, किंवा सांगत नाहीत.

२०२४ च्या एप्रिलात, होळी होऊन दोनेक आठवडे झाले होते, तेव्हा सिरोंचा तालुक्यातल्या प्राणहितेकाठच्या एका गावात मी असंच वाचत बसले होते. समोर अक्का. वय चाळिशीच्या आसपास. तिच्या मांडीवर सुपात लाल मिरच्या, देठ खुडणं चालू. मी वाचलं : बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, खोलीकरण, चार मस्टर, प्रत्येकी सहा दिवस, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. एकूण दिवस २४. रोजी २७३ रुपये. मजुरी ६,५५२. जमा.

अक्काचा हात थांबला. मग ती हसली. मोठ्याने नाही, लहान पोराने काही चमत्कारिक विचारलं की मोठी माणसं हसतात तसं. दोन्ही तळवे तिने माझ्यापुढे धरले. बोटांच्या टोकांची साल गेली होती, खालची कातडी गुळगुळीत आणि लालसर.

"म्याडम, मी तेव्हा मिर्चीत होते."

'मिर्चीत असणं' हा आमच्या दोन्ही जिल्ह्यांतला एक ऋतूच आहे. धानाचं काम संपलं, संक्रांत झाली, की चंद्रपूर-गडचिरोलीतली माणसं टेम्पोत, जीपमध्ये, मिळेल त्या वाहनाने तेलंगणात मिरची तोडायला जातात. खम्मम, वरंगल, भूपालपल्ली, मुलुगू. होळीला परततात, काही त्यानंतर. सिरोंचावाल्यांना तर जायला फारसं काही लागत नाही. गोदावरीवरचा पूल ओलांडला की कालेश्वरम, म्हणजे तेलंगण. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली मात्र दोनशे किलोमीटरच्या वर, आणि त्यातला आल्लापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे हे त्यावरून गेलेल्याच्या कमरेला विचारावं. त्यामुळे इथली माणसं बाजाराला, दवाखान्याला, देवाला आणि कामाला दक्षिणेकडे जातात. उत्तरेकडे जातात ती कागदासाठी.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, गोंडपिपरीची. तेलुगू समजायला मला दोन वर्षं लागली, बोलायला अजून येत नाही. पण त्या दिवशी अक्काला जे म्हणायचं होतं त्याला भाषा लागत नव्हती. ती मिरचीत होती आणि मस्टरवर ती बोडीवर होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'संमतीने?' पुढे प्रश्नचिन्ह. कारण असं की मस्टरवरची खोटी नावं सगळीच चोरीची नसतात. बरीचशी दिलेली असतात. 'नाव देणं' असा शब्दच आहे त्याला. माणूस घरी बसतो किंवा परगावी जातो, नाव मस्टरवर चालतं, पैसे आले की काढून निम्मे-निम्मे. काम मशीनने होऊन जातं. देणारा म्हणतो, घरबसल्या आले. घेणारा म्हणतो, तुझ्या नावाशिवाय मस्टरच निघत नव्हतं. अंकेक्षणाला आलेल्या बाईसमोर अशी माणसं हटकून तेच म्हणतात जे अक्का म्हणाली : मला काही ठाऊक नाही. कागदावर नाव दिलेला आणि नाव चोरलेला, दोघे अगदी सारखे दिसतात. फरक फक्त पासबुकात दिसतो.

म्हणून मी पासबुक मागितलं. अक्काचा नवरा आतून घेऊन आला. तो तेलुगूत इतकंच म्हणाला, "पैसलु राले." पैसे आले नाहीत. पासबुकात खरंच काही नव्हतं. शेवटची नोंद आदल्या वर्षीच्या तेंदूपत्त्याच्या पैशांची. वहीतला 'संमतीने?' मी खोडला. तिने पाहिलं की नाही, माहीत नाही. वाचता येत नाही तिला, पण खोडलेलं कळतं.

मग पैसे गेले कुठे? इथून पुढचे दोन महिने आम्ही हेच शोधत होतो, आणि त्यातला बराच काळ या सोप्या प्रश्नाला कुणाकडे न्यायचं हे शोधण्यात गेला.

१ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारवरूनच द्यायची असा नियम सक्तीचा झाला होता. पूर्वी खाते क्रमांकावर पैसे जात. आता आधार क्रमांकावर जातात, आणि तो क्रमांक ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला असेल त्या बँकेत पडतात. तुमच्या हातात पासबुक कुठलं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ही गोष्ट मी त्या वर्षी शंभर पडव्यांमध्ये समजावली असेल. आधार म्हणजे घराचा पत्ता समजा. पोस्टमन पत्ता बघून येतो, पण पत्त्यावरची पाटी मध्येच कुणी बदलली तर तो नवीन पाटीच्या घरात टपाल टाकणार.

पाटी बदलल्याचं जुनं उदाहरण सगळ्या देशाने पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये लाखो एअरटेल ग्राहकांच्या गॅसच्या सबसिडीचे पैसे त्यांनी कधी मागितल्याही नसलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत जमा होत गेले. सिमकार्डाच्या पडताळणीला लावलेल्या अंगठ्यावर खाती उघडली गेली होती. त्या डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसी परवाना स्थगित केला. पैसे परत करावे लागले. पण त्या लोकांना सिलिंडरमागे किती यायला हवेत ते तोंडपाठ होतं. आले नाहीत हे त्यांना कळलं. अक्काला तर काही यायचंच नव्हतं. न केलेल्या कामाचे पैसे आले नाहीत म्हणून कोण तक्रार करतं?

एका दुपारी रस्त्यालगतच्या उंचवट्यावर, जिथे मोबाइलला दोन काड्या मिळतात, तिथे उभं राहून आम्ही *९९*९९*१# फिरवलं आणि तिचा आधार क्रमांक टाकला. तिसऱ्या वेळी लागलं. बँकेचं नाव आलं. अक्काने ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. नवरा मात्र जरा गप्प झाला आणि म्हणाला, "फोनचं शिबिर झालं होतं ना, तेव्हाचं असेल." कुणीतरी स्वस्त सिम वाटायला आलं होतं. अंगठा एकदा लावला, मशीन वाचेना म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यातला कुठला अंगठा सिमला गेला आणि कुठला खात्याला, हे अंगठा लावणाऱ्याला कळत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तिचा नव्हता. त्यामुळे आलेले पैसे पुढे पाठवायला तिच्या अंगठ्याचीही गरज पडली नाही.

यातला सगळ्यात कडू विनोद असा की तिचं जुनं, खरं खातं पुन्हा आधारशी जोडायला आम्ही बँकेत गेलो तेव्हा मशीनने तिचा अंगठा ओळखलाच नाही. मिरचीने बोटांच्या रेषा नेल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. मागे रांग. तिला म्हणाले, पंधरा दिवसांनी या, कातडी आली की. माझे बाबा रोहयोच्या जुन्या दिवसांत हजेरी सहायक होते. ते सांगायचे, खोट्या मस्टरवर कमी पडले तर लोक पायाचे अंगठे उठवायचे, आणि तपासायला आलेल्या साहेबाला त्यातलं काही कळायचं नाही. आता हाताचा खरा अंगठा घेऊन बाई समोर उभी होती आणि ती ती आहे हे मशीनला पटत नव्हतं.

नावाचंही तेच. अक्काचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याच जातीचं एक सांगते. या भागात समक्का हे नाव घरोघरी सापडेल; मेडारमच्या जत्रेतली ती देवी. रेशनकार्ड लिहिणारा मराठी, त्याने 'समका' लिहिलं. जॉबकार्डवर 'सम्मक्का'. आधारवर आधी इंग्रजीत टाकलं आणि मशीनने ते परत मराठीत आणलं तेव्हा 'सामाक्का'. बँकेत इंग्रजीच. आडनाव तर आणखी लवचीक, कारण तेलुगूत ते आधी येतं आणि मराठीत शेवटी. एका बाईच्या अशा चार बायका होतात आणि प्रत्येकीचं एक कार्ड. यातली कुठलीही एक उचलून नेली तर बाकीच्या तिघींना पत्ता लागत नाही. आम्ही तक्रार घेऊन गेलो की पहिला प्रश्न हाच असायचा : ही तीच का? आणि गंमत म्हणजे चोराला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याच्या कागदावर सगळीकडे एकच स्पेलिंग होतं.

आमच्या मावशीचा मुलगा सिएटलकडे असतो. तो तेव्हा फोनवर म्हणाला, ताई, हे तर माझ्यासोबतही झालं होतं. २०२० च्या मे महिन्यात तो घरून काम करत होता, पगार चालू होता, आणि कंपनीतून फोन आला : तू बेरोजगार भत्त्याला अर्ज केलास का? त्याच्या नावाने, त्याच्या क्रमांकाने कुणीतरी केला होता. त्या वसंतात वॉशिंग्टन राज्यात अशा खोट्या दाव्यांवर कोट्यवधी डॉलर गेले, आणि पुढे अमेरिकेच्या सरकारी हिशेब तपासणीने करोनाकाळातल्या बेरोजगार भत्त्यातल्या गैरप्रकारांचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलरच्या घरात बांधला. मेलेल्यांच्या, तुरुंगातल्यांच्या नावावरही भत्ते निघाले होते. भावाने एका संध्याकाळी टेबलाशी बसून सगळं केलं : तक्रार नोंदवली, कर्जाच्या नोंदी गोठवल्या, राज्याला कळवलं. त्याने विचारलं, तुमच्या त्या बाईंनी गोठवलं का? मी म्हटलं, आधी तिला बसने यावं लागतं.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की दोन्हीकडची चोरी एकमेकीच्या उलटी आहे. तिकडे चोराने कामावरच्या माणसाला बेकार दाखवलं. इकडे बेकार बाईला कामावर दाखवलं. आणि इकडचं जास्त खोल जातं, ते असं.

अक्काने काम मागितलं होतं. धान निघाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, नमुना ४ भरून. तेव्हाचा कायदा सांगत होता की मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. पहिले ३० दिवस रोजीच्या चौथ्या हिश्शाने, पुढे निम्म्याने. हा भत्ता राज्य सरकारने द्यायचा असे. हा सगळा विचार महाराष्ट्राचाच. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तो पहिल्यांदा करून पाहिला, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला, आणि २००६ च्या फेब्रुवारीत देशाचा कायदा सुरू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत गडचिरोली होता. तर २७३ चा चौथा हिस्सा ६८ रुपये २५ पैसे. तीस दिवसांचे २,०४७ रुपये ५० पैसे. अक्काला काम मिळालं नाही. वाट पाहून ती मिरचीला गेली. म्हणजे एवढे पैसे तिच्या हक्काचे होत होते. पण मस्टर म्हणत होतं की तिला काम दिलं, तिने चोवीस दिवस केलं, मजुरी उचलली. काम दिलेल्या माणसाला भत्ता कसला?

हे तिला समजावायला मला वेळ लागला. समजल्यावर ती सहा हजारांवर फार बोलली नाही. ते काही माझे नव्हते, मी काम केलं नाही, म्हणाली. पण "माझं मागितलेलं खाल्लं त्याने," असं म्हणाली.

हाच हिशेब ठाण्यात उलटा पडला. हवालदार चांगला होता, चहा मागवला. त्याने विचारलं, तुमच्या खात्यातून किती गेले? काही नाही. मग तुमचं नुकसान? सरकारचं नुकसान झालंय, सरकार तक्रार देईल. प्रश्न बरोबरच होता. १९३० या सायबर हेल्पलाइनचंही सगळं गणित खात्यातून गेलेल्या पैशाभोवती फिरतं. लवकर कळवा म्हणजे पुढच्या खात्यात अडवता येतात. इथे तिच्या खात्यातून गेलेलं काहीच नव्हतं. गेलं होतं ते तिचं असणं, आणि त्याला रकाना नाही. म्हणजे आहे : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. रोजगार हमीचा तेव्हाचा कायदा त्याच्या उल्लंघनाला हजार रुपयांपर्यंत दंड सांगत होता. एवढी तफावत असल्यावर प्रकरण कुठल्या वाटेने जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आम्ही लेखी अर्ज दिला. कार्यक्रम अधिकाऱ्याने तक्रार नोंदवहीत घेऊन सात दिवसांत निकाली काढायची असे. मी नवीन लोकांना हे 'सात दिवस' सांगते तेव्हा चेहरा सरळ ठेवण्याचा सराव झालाय. एक काम मात्र त्याच आठवड्यात केलं, ते कुणालाही सांगेन : तिचे बोटांचे ठसे आधारमध्ये लॉक केले. त्यासाठी आधी तिचा मोबाइल आधारला जोडावा लागला, म्हणजे आणखी एक चक्कर. लॉक केल्यावर अंगठ्याने पैसे निघत नाहीत, स्वतःचेही नाहीत, हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, तसंही निघत नाहीत.

मग पुरावा. तू तिथे नव्हतीस हे दाखव.

कुठेतरी असल्याचा पुरावा माणूस ठेवतो. नसल्याचा कोण ठेवतं? मिरचीच्या मुकादमाकडे हिशेबाची वही होती, पण त्यात नावं नव्हती, जोड्या होत्या : 'सिरोंचा जोडी ३'. एका सोबतिणीच्या फोनमध्ये महाशिवरात्रीचा फोटो होता, ८ मार्च, कालेश्वरमच्या घाटावर, अक्का ओल्या साडीत. मला हायसं वाटलं, मग लक्षात आलं की तारीख मस्टरनंतरची, आणि कालेश्वरम इथून इतकं जवळ की सकाळी बोडीवर खोदून दुपारी घाटावर जाता येईल. शेवटी तिने बटव्यातून एक तिकीट काढलं. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली, पण तिथल्या रहिवासी असतील तर. अक्काचं आधार महाराष्ट्राचं. बाकी बायका फुकट बसल्या आणि हिला पूर्ण तिकीट फाडावं लागलं. वाहकाशी भांडण झालं, आणि त्या रागापायी तिने ते जपून ठेवलं होतं. फेब्रुवारीची तारीख. मस्टरच्या तिसऱ्या आठवड्यातली. मशीनचा कागद, अक्षरं निम्मी उडालेली.

त्या तिकिटावर तिचं नाव नव्हतं. तिकिटावर कुणाचंच नसतं. पण फाइलला ते लागलं.

खरं कामाला आले ते मस्टरवाल्यांचेच फोटो. २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची असे, आणि ते फोटो कुणालाही बघता येत. आम्ही बघितले. मस्टरवर एकतीस नावं, फोटोत नऊ माणसं. सोमवारची नऊ आणि गुरुवारची नऊ एकाच जागी, त्याच कपड्यांत, एकाचा हात त्याच उंचीवर उचललेला. फोटोचा फोटो काढला होता. कडेला दुसऱ्या फोनची काळी चौकट दिसत होती. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिलं की ॲपवर असंबद्ध फोटो, फोटोंचे फोटो येताहेत, तपासा. अक्काच्या गावात ते आम्हाला आधीच दिसलं होतं. कुणी बघायचं ठरवलं असतं तर रोजच दिसलं असतं.

ग्रामसभा मे महिन्यात झाली, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, म्हणून संध्याकाळी. पुडके बांधून थकलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यात बसली. मी चार मस्टर वाचली. एकतीस नावांपैकी निम्म्याहून जास्त लोक समोर बसले होते आणि जमिनीकडे बघत होते. त्यातल्या काहींनी नाव दिलं होतं, आणि अक्का बोलली तर आपलंही निघेल ही भीती त्यांच्या गप्प बसण्यात ऐकू येत होती. मला त्यांचा राग आला नाही. दोन-तीन हजार रुपये या गावात ज्या महिन्यात लागतात त्या महिन्यात ते कसेही आले तरी लागतातच.

अक्का उठली. तिला बोलायला सांगितलं तर तिने पाठ केलेलं काही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "नेनु अक्कड लेनु." मी तिथे नव्हते.

इतिवृत्त मराठीत लिहायचं होतं. लिहिणाऱ्याने लिहिलं : 'सदर मजूर महिला कामावर गैरहजर होती.' मी वाचलं आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. शब्द चुकीचा नव्हता, पण 'गैरहजर' म्हटलं की कामावर असायला हवी होती आणि आली नाही असं होतं. म्हणजे दांडी मारली. एका शब्दात ती तक्रारदाराची आरोपी झाली होती. त्यावर आमची अर्धा तास हुज्जत चालली. लिहिणारा म्हणत होता, म्याडम, अर्थ तोच आहे. शेवटी मागून एक म्हातारे काका तेलुगूत ओरडले, तिला बोलावलंच कुणी नव्हतं, असं लिही. तसंच लिहिलं : 'सदर महिलेने कामाची मागणी केली होती, तिला कामावर बोलावले नव्हते, ती त्या दिवसांत गावात नव्हती.' मला त्या अख्ख्या प्रकरणात जिंकल्यासारखं काही वाटलं असेल तर ते त्या तीन वाक्यांनी.

नाव वापरणारा गावाला सापडला, म्हणजे तो हरवलेला नव्हताच. सगळ्यांचे रिचार्ज मारून देणारा, दहा रुपयांत फॉर्म भरून देणारा, कुणाची आई आजारी पडली तर आपल्या गाडीवर सिरोंच्याला नेणारा पोरगा. अक्काचं जॉबकार्ड त्याच्याकडेच होतं, 'सांभाळायला'. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने डोळे चुकवले नाहीत. म्हणाला, "तिने काम मागून ठेवलं होतं आणि निघून गेली. नाव रिकामं पडलं होतं म्याडम." पडीक शेतात कुणी ढोरं सोडावीत तसं. ६,५५२ रुपये त्याच्याकडून वसूल होऊन सरकारी खात्यात जमा झाले. पुढे गुन्हा वगैरे काही दाखल झाला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याकडची बातमी आली : लाडक्या बहिणीच्या दीड हजारांसाठी एका जोडप्याने तीस अर्ज भरले, फोटो त्याच एका बाईचे, वेगवेगळ्या पेहरावातले, आणि आधार क्रमांक परक्या बायकांचे. खारघरच्या एका बाईंचा अर्ज भरताना तो आधीच भरलेला निघाला, म्हणून उघडकीला आलं. आमच्या ऑफिसात लोक हसून वाचत होते. मला त्या तीस बायकांपैकी कितींना अजून माहीत नसेल एवढंच डोक्यात येत होतं.

अक्काच्या भत्त्याचा अर्ज आम्ही जूनमध्ये दिला, ग्रामसभेचा ठराव जोडून. उत्तर आलं की संगणकावर तिला काम उपलब्ध करून दिल्याचं दिसतं. ठराव कागदावर आहे, मस्टर संगणकावर आहे. मस्टरचे पैसे वसूल झाले पण मस्टर तसंच राहिलं. दुसरा अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे.

डिसेंबरात दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, तर वाकडी वाट करून तिच्याकडे गेले. गाठोडं बांधलेलं होतं. संक्रांत झाली की निघणार. मला बघून तिने बटव्यातून घडी केलेला कागद काढला. बसचं ते तिकीटही बाहेर आलं. आता ते दोन्ही बाजूंनी पांढरं होतं. कागद म्हणजे ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची प्रत, सातवीतल्या मुलीने वहीच्या पानावर लिहिलेली. 'मी संक्रांतीनंतर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जात आहे. होळीपर्यंत मी गावात नाही. माझे नाव कोठेही लावू नये.' खाली शिक्का, तारीख, कुणाचीतरी सही.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं, पूर्ण, सहीपर्यंत. सगळं बरोबर होतं. पोरीने आईचं नाव घरात म्हणतात तसं लिहिलं होतं. तसं ते तिच्या एकाही कार्डावर नव्हतं.